डॉक्टरांना न सांगितलेला काढा

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. सोमवार ते शुक्रवार कोड लिहिते आणि शनिवारी हे असलं काहीतरी. तेव्हा यातलं वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत आणि काढे सुरूही करू नयेत. पण या एका विषयावर गेल्या दोन वर्षांत इतक्या लोकांशी वाद घातलाय की एकदाच काय ते लिहून टाकावं म्हटलं.

विषय असा: कॅन्सरचे उपचार चालू असताना जो त्रास होतो, म्हणजे मळमळ, तोंड येणं, भूक मरणं, गळून जाणं, तो कमी व्हावा म्हणून लोक झाडपाल्याची जी औषधं घेतात ती. कॅन्सर 'मुळासकट' बरा करणारी जडीबुटी हा वेगळा विषय आहे. त्याबद्दलचं माझं मत दोन शब्दांत संपतं: नाही होत. त्रास कमी करण्याचं मात्र तसं नाही. तिथे काही गोष्टी खरंच काम करतात, काही नुसत्याच निरुपद्रवी असतात आणि काही जिवावर बेतू शकतात. आणि घरात या तिन्ही एकाच डब्यात ठेवलेल्या असतात!

माझ्या पुण्यातल्या ऑफिसात यावर एकच मत आहे: "झाडपाला म्हणजे अंधश्रद्धा, हू केअर्स." गावाकडेही एकच मत आहे: "निसर्गाचं आहे, अपाय काय होणार?" दोन्हीकडे मी शत्रू.

गाव म्हणजे गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. धानाच्या बांध्या, बोड्या आणि मागे नवेगावबांधचं जंगल. माझ्या मोठ्या आईला (म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, पुण्यात हे दर वेळी समजावून सांगावं लागतं) स्तनाचा कॅन्सर निघाला. गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की अजूनही नागपूरच. साकोलीमार्गे एस.टी.ने तीन-साडेतीन तास. दर एकवीस दिवसांनी केमो, आधी चार 'लाल इंजेक्शनं', मग दुसरं औषध. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगतेय ते कुठेही घडलं असतं.

पहिल्या केमोनंतर चार दिवसांत घरी काय काय जमा झालं त्याची यादी मी केली होती. (मी याद्या करते. सवय.) कडुनिंबावरच्या गुळवेलीचा काढा. गव्हांकुराची पावडर. पपईच्या पानांचा रस, पेशी वाढायला. हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल, त्या माझ्याच एका चुलतभावाने ऑनलाइन मागवलेल्या. गोमूत्र अर्क. सुंठ. आणि बैतूलकडच्या कोणा वैद्याची, लेबल नसलेली पांढरट पूड, वर्तमानपत्राच्या कागदात. आणणारा प्रत्येक जण प्रेमाने आणत होता, त्यात शंका नाही. आणि प्रत्येकाची एक अट होती, जी मोठी आईच माझ्या कानात बोलली: "नोको सांगू वो माय डाक्टरले, कल्ला करन तो."

माझा सगळा लेख खरं तर या एका वाक्याबद्दल आहे.

पण आधी झाडांबद्दल. 'केमो म्हणजे केमिकल आणि आमचं नैसर्गिक' ही वाटणीच मुळात चुकीची आहे. आमच्याकडे प्रत्येक अंगणात सदाफुली असते. मधुमेहावर तिची पानं चावणारे लोक मी पाहिलेत. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे दोघे संशोधक नेमकं तेच तपासत होते, सदाफुलीने साखर उतरते का. साखरेचं विशेष काही झालं नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातूनच विनब्लास्टिन मिळालं आणि पुढे विनक्रिस्टिन. आज रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना देतात ते हेच. विनक्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात, पोट धरतं, तो त्रास याच झाडाचा. मोठ्या आईचं दुसरं औषध, पॅक्लिटॅक्सेल, मुळात एका झाडाच्या सालीतून आलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. त्यावरून बनवलेल्या इरिनोटेकानने होणारे जुलाब पेशंटला पार झोपवतात. म्हणजे ज्या त्रासावर झाडपाला घ्यायचा, तो त्रास बऱ्याचदा झाडपाल्यानेच दिलेला असतो. झाडात ताकद आहे की नाही हा प्रश्नच नाही. ताकद आहे, म्हणूनच मिलिग्रॅम मोजून देतात.

आता काम करणाऱ्या गोष्टी. सगळ्यात आधी सुंठ. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठाने केमो घेणाऱ्या ५७६ रुग्णांवर आल्याच्या कॅप्सूलची चाचणी केली, तिचे निकाल २०१२ मध्ये छापून आले. केमोच्या तीन दिवस आधीपासून सहा दिवस कॅप्सूल. पहिल्या दिवसाची मळमळ खरंच कमी झाली. पण यातल्या दोन गोष्टी आमच्या नातेवाइकांना कधीच ऐकू येत नाहीत. एक, या सगळ्यांना उलटीच्या नेहमीच्या गोळ्याही चालू होत्या. आलं त्यांच्या जोडीला होतं, त्यांच्याऐवजी नाही. दोन, रोज अर्धा ते एक ग्रॅम घेणाऱ्यांना जास्त फायदा झाला, दीड ग्रॅमवाल्यांना कमी. एक ग्रॅम सुंठ म्हणजे साधारण अर्धा लहान चमचा. आमच्याकडे वाटीभर काढा पाजत होते. 'गुणकारी आहे ना, मग अजून घे' हा हिशोब इथे चालत नाही.

(इथे एक अवांतर. मळमळीवरचं सध्याचं एक फार चांगलं औषध म्हणजे ओलान्झापिन. स्वस्त गोळी, मूळची मानसिक आजारांची. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत दाखवून दिलं, की १० मिलिग्रॅमऐवजी २.५ दिली तरी तितकंच काम होतं आणि गुंगी कमी येते. ही गोळी आमच्या घरात पाकिटातच पडून राहिली, कारण कोणीतरी गुगल करून सांगितलं की 'ही वेडाची आहे'. वर्तमानपत्रातली पूड चालते, टाटाने तपासलेली गोळी चालत नाही!)

दुसरी गोष्ट तोंडाची. आमच्या भागात हा विषय टाळताच येत नाही, कारण खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, पण पन्नीवर घोटलेला खर्रा पानठेल्यावर मिळतोच, आणि पंचविशीतल्या पोरांची तोंडं उघडत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरला शेक देतात (रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात) तेव्हा तोंड असं येतं की पाणीसुद्धा आगीसारखं लागतं. वजन उतरतं, शेक मध्येच थांबवावा लागतो, आणि शेक थांबला की उपचाराचं गणित बिघडतं. म्हणजे ही नुसती 'साइड' इफेक्टची गोष्ट राहत नाही.

इथे आजीबाईच्या बटव्यातल्या दोन गोष्टींच्या बाजूने पुरावा आहे. एक मध. कॅन्सरच्या पूरक उपचारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, डोक्या-मानेचा शेक घेणाऱ्यांना तोंड येऊ नये म्हणून मध सुचवला आहे: तोंडात घोळवून मग गिळायचा. 'सुचवला आहे', 'सक्ती आहे' असं नाही, कारण चाचण्या लहान आहेत. मधुमेह असेल तर अर्थातच विचारून. दुसरी हळद. मंगळूरच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये ऐंशी रुग्णांवर हळदीच्या गुळण्यांची तुलना नेहमीच्या आयोडीनच्या गुळण्यांशी केली. तोंड आलंच नाही असं नाही, पण हळदवाल्यांना उशिरा आलं आणि कमी तीव्रतेचं आलं. दोन्ही उपाय स्वस्त, जागच्या जागी काम करणारे आणि रक्तात फारसे न मिसळणारे. मला ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

शेकाने कातडी भाजते त्यावर कॅलेंडुलाच्या मलमाचा २००४ चा एक फ्रेंच अभ्यास आहे, स्तनाच्या कॅन्सरच्या २५४ बायकांवरचा. दुसऱ्या मलमापेक्षा भाजणं बरंच कमी झालं होतं. फक्त कॅलेंडुला म्हणजे आपला झेंडू नव्हे. इंग्रजीत दोघांनाही मॅरीगोल्ड म्हणतात, म्हणून भाषांतर करणारे बिनधास्त 'झेंडूचा लेप' लिहितात. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू हे वेगळंच झाड आहे. भाजलेल्या कातडीवर तो वाटून लावू नका प्लीज.

आता ज्यांची भीती वाटते त्या गोष्टी. हळद पुन्हा येते, पण कॅप्सूल बनून. वरणातल्या चमचाभर हळदीत करक्युमिन असतं जेमतेम तीन टक्के. कॅप्सूलमध्ये ते गाळून नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर नेलेलं असतं आणि वर मिऱ्यातलं पायपेरीन घातलेलं. का? कारण १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं, की पायपेरीनसोबत दिलं तर करक्युमिनचं रक्तातलं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अभिमानाने छापतात. पण पायपेरीन हे करतं कसं? यकृत आणि आतड्यातली, बाहेरून आलेली रसायनं मोडणारी यंत्रणा ते मंदावतं. ती यंत्रणा काही हळदीसाठी वेगळी नाही, केमोची कितीतरी औषधं तिथूनच बाहेर पडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर शेअर्ड रिसोर्स आहे, एकाने अडवून धरला की बाकीचे रांगेत. पॅक्लिटॅक्सेलचा डोस उंची-वजनावरून काढतात आणि त्यात गृहीत असतं की शरीर ते अमुक वेगाने बाहेर टाकेल. शिवाय २००२ च्या एका प्रयोगात करक्युमिनने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींना लाल इंजेक्शनपासून वाचवलेलं दिसलं. हा प्रयोगशाळेतला प्रयोग आहे, माणसांतला नाही, हे मान्य. पण आपल्या माणसावर तो करून बघायची हौस कोणाला आहे?

गोमूत्र अर्काची गोष्ट आणखी मजेशीर. सीएसआयआरला २००५ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या पेटंटात त्याला बायो-एन्हान्सर म्हटलंय, म्हणजे औषधांचा परिणाम वाढवणारं, कॅन्सरची औषधंही त्यात आली. घरी ही बातमी मला पुरावा म्हणून दाखवली गेली. अहो, पण मग तर अजूनच देऊ नका ना! दावा खोटा असेल तर अर्क निरुपयोगी आणि खरा असेल तर डॉक्टरांनी मोजलेला डोस मोजलेला राहतच नाही.

गुळवेल तर आमच्या अंगणातलीच. कोविडच्या काळात सगळ्या देशाने ती प्यायली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत छापली, गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्यांची. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद दिली. आयुष मंत्रालयाने मुंबईचा निष्कर्ष मानला नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते असं म्हटलं. मला या वादात पडायचंच नाही. कारण त्यांचं खरं धरलं तरी प्रश्न उरतोच: आमच्या कडुनिंबावरची वेल कोणी तपासली होती? यकृताचे आकडे चढले की पुढची केमो लांबते, इतकं मला पुरतं.

कच्चे रस. गव्हांकुराच्या बाजूने इस्रायलमधला २००७ चा एक छोटा अभ्यास आहे, साठ रुग्णांचा, पेशी कमी पडतात त्यावर जरा उपयोग दिसला. म्हणजे वेडगळ कल्पना नाही. पण पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना, न शिजवलेला, कोणत्या पाण्याने धुतलाय माहीत नसलेला रस पिणं म्हणजे जंतूंना आवतण. पपईच्या पानांच्या रसाच्या चाचण्या मुख्यतः डेंग्यूवरच्या आहेत. केमोने पेशी कमी होण्याचं कारणच वेगळं आहे.

आणि ती पूड. तिच्याबद्दल काय लिहू? तिच्यात काय होतं हेच कोणाला माहीत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची २००८ मध्ये अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, आणि ती तर छापील लेबलवाली होती. बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याची उदाहरणंही भारतीय डॉक्टरांनी वेळोवेळी नोंदवली आहेत. स्टेरॉइडने भूक लागते, तरतरी येते, चेहरा भरतो. घरचे म्हणतात, "पाहा, पुडीनं गुण आला."

गुण येण्याचं आणखी एक साधं कारण आहे. लाल इंजेक्शनाची मळमळ पहिले तीन-चार दिवस जोरात असते आणि मग आपोआप उतरते. नातेवाईक भेटायला येतात चौथ्या दिवशी. ते जे काही हातात घेऊन येतात त्याने पाचव्या दिवशी बरं वाटतं. चौथ्या दिवशी कोणी भेळ आणली असती तरी तिला श्रेय मिळालं असतं :)

असो. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी मोठ्या आईला रात्री ताप आला. रोवणीचे दिवस, बाहेर धो-धो पाऊस. घरच्यांनी गुळवेलीचा काढा दिला, मग पुन्हा दिला. तापावर तो पिढ्यान् पिढ्या देतात. पण केमोनंतर सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात आणि १००.४ फॅरनहाइटचा ताप म्हणजे थांबायचं नाही, लगेच दवाखाना. काही तासांत रक्तात जंतू पसरू शकतात. आम्ही नागपूरला पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. सहा दिवस अ‍ॅडमिट. वाचली. त्या रात्री काढ्याने काही बिघडवलं असेल असं मला वाटत नाही. त्याने फक्त पंधरा तास खाल्ले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "बाहेरचं काही घेत होता का?" खोलीत पाच माणसं होतो. सगळे भिंतीकडे बघत होते. मी यादी वाचून दाखवली. तो खरंच कल्ला करायला लागला. "सगळं बंद. काहीही द्यायचं नाही. अडाणी आहात का?" सुंठसुद्धा बंद, गुळण्याही बंद, सगळं एका झटक्यात. आणि मला तेव्हा स्पष्ट दिसलं, की पुढच्या वेळी यातलं कोणीही तोंड उघडणार नाही. काढा चालूच राहील, फक्त अजून आतल्या कपाटात जाईल.

माझं भांडण इथे आहे. येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा २०१८ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो: नेहमीच्या उपचारांसोबत पूरक औषधं घेणाऱ्या कॅन्सर रुग्णांत मृत्यूचा धोका दुप्पट. ऐकायला भयंकर. पण तोच अभ्यास पुढे वाचला तर कळतं, की या लोकांपैकी ३४ टक्के रुग्णांनी केमो नाकारली होती, इतरांत हे प्रमाण ३ टक्के होतं. शेक नाकारणारे ५३ टक्के, इतरांत २. उपचार नाकारण्याचा हिशोब वेगळा काढल्यावर उरलेला फरक ठाम म्हणावा असा राहत नाही. म्हणजे माणसं बहुतेक काढ्याने मेली नाहीत, काढ्याच्या भरवशावर उपचार सोडल्याने मेली. जो डॉक्टर सुंठेवरही ओरडतो तो पेशंटला नेमका कुठे ढकलतो?

डॉक्टरांची बाजू मला कळते. ओपीडीत एका पेशंटला तीन मिनिटं मिळतात. सतरा वेलींची माहिती त्याने कुठून ठेवायची? पण ऑपरेशनआधी 'दात हलतो का' हे विचारायला फॉर्ममध्ये रकाना असतो, मग 'घरी अजून काय देता' याला रकाना का नाही? मराठीत, आमच्याकडे हिंदीतही. आणि तो भरायचं काम डॉक्टरचं नकोच. नर्सने विचारावं, गावात आशाताईंनी विचारावं. प्रश्नसुद्धा 'घेता का?' असा नको, 'काय काय घेता?' असा हवा. 'घेता का' ला आमच्याकडे एकच उत्तर आहे: "नाई जी."

रकाना येईल तेव्हा येईल. तोवर आम्ही दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर दवाखान्याच्या गोळ्या, उजव्या पानावर घरचं सगळं, तारीख-वेळ-प्रमाण घालून, पाकिटाचा फोटो माझ्या मोबाइलवर. पूड फेकली, कॅप्सूल चुलतभावाला परत (तो अजून रुसलेला आहे). आणि चौथ्या केमोआधी ती वही मी दुसऱ्या एका, वयाने मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. त्यांना दोन मिनिटं लागली. सुंठ: चालेल, अर्धा चमचा, पेशी फार कमी असतील तेव्हा नको. हळदीच्या गुळण्या: करा. वरणातली हळद: अहो, ती कशाला लिहिली. गुळवेल, अर्क, रस: काट. मग उजव्या पानाच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं. "मोहाचे लाडू? हे काय असतं?"

मोठी आई एवढ्या आजारपणात पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसली आणि मोह कधी वेचायचा, कसा भाजायचा आणि तीळ किती घालायचे हे त्यांना सांगू लागली. मागे पेशंटची रांग उभी होती.